कानाने कोर्ट ऐकताना : जेक ब्रिगन्सच्या तीन कादंबऱ्या ऑडिओवर कशा ऐकाव्यात

डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये मी जॉन ग्रिशमची 'अ टाइम टू किल' ऐकायला घेतली आणि कुर्ल्यापर्यंत हात टेकले. घाटकोपरच्या ढकलाढकलीत एक इयरबड पडला. तो शोधून कानात घालेपर्यंत कथेत तीन नवी माणसं आली होती, आणि त्यातला सरकारी वकील कोण, आरोपीचा कोण, हे मला कुणी विचारलं असतं तर मी गप्प बसले असते. पुस्तक असतं तर दोन पानं मागे गेले असते. इथे मागे जायचं म्हणजे अंगठ्याने अंदाजपंचे बटण दाबत राहायचं.

सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी थोडी तयारी करून. मग तिन्ही कादंबऱ्या ओळीने ऐकून झाल्या. त्या तयारीचंच हे टिपण आहे. कोर्टाच्या इतर मालिकांनाही ते बरंचसं लागू पडेल, पण उदाहरणं मी ब्रिगन्सचीच देणार आहे.

पायरी १ : क्रम

जेक ब्रिगन्स हा अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या क्लँटन नावाच्या काल्पनिक गावातला वकील. त्याच्यावर तीन मोठ्या कादंबऱ्या आहेत : 'अ टाइम टू किल' (१९८९), 'सिकमोर रो' (२०१३) आणि 'अ टाइम फॉर मर्सी' (२०२०). पहिल्या आणि तिसऱ्या पुस्तकाच्या प्रकाशनात ३१ वर्षांचं अंतर आहे, पण कथेत फक्त पाच वर्षं जातात : १९८५, १९८८, १९९०. म्हणजे प्रकाशनाचा क्रम तोच कथेचा क्रम. त्याच क्रमाने ऐका. दुसऱ्या पुस्तकात पहिल्या खटल्याचा निकाल अगदी सहज, बोलता बोलता सांगून टाकलेला आहे. 'सिकमोर रो' आधी ऐकलंत तर 'अ टाइम टू किल'मधली निम्मी धाकधूक गेलीच म्हणून समजा.

२०२२च्या 'स्पॅरिंग पार्टनर्स' या संग्रहात जेकची एक दीर्घकथाही आहे. ती शेवटी.

पायरी २ : कोणतं ध्वनिमुद्रण

दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, ध्वनिमुद्रण 'अनअब्रिज्ड', म्हणजे संपूर्ण आहे ना. कॅसेटच्या काळापासून या पुस्तकांच्या काटछाट केलेल्या आवृत्त्या फिरताहेत आणि कोर्टाच्या कथेत नेमकी साक्षच छाटली जाते. प्रत्येक पुस्तक साधारण १७ ते २१ तासांचं आहे. सहा-सात तासांचं दिसलं तर ते सोडून द्या.

दुसरी गोष्ट वाचणाऱ्याचं नाव. तिन्ही पुस्तकं मायकल बेक यांनी वाचली आहेत. हे मेम्फिसमध्ये जन्मलेले नट, कॉलेज मिसिसिपीतच केलेलं. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेचे हेल त्यांना नक्कल करून आणावे लागत नाहीत. एकच आवाज तिन्ही पुस्तकांना असल्याचा फायदा दुसऱ्या पुस्तकात कळतो. हॅरी रेक्स बोलायला लागला की त्याचं नाव यायच्या आधी आपण ओळखतो, जिन्यावरच्या पावलांवरून घरचं माणूस ओळखावं तसं.

भारतात स्टोरीटेल २०१७ पासून आणि ऑडिबल २०१८ पासून आहे. कोणत्या ॲपवर काय आहे हे बदलत असतं, म्हणून लेखक आणि वाचक अशी दोन्ही नावं टाकून शोधा आणि नमुना ऐकूनच पैसे भरा. अमेरिकेत किंवा कॅनडात राहत असाल तर आधी सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढा. लिबी ॲपवर हीच पुस्तकं फुकट मिळतात, फक्त नंबर लावावा लागतो. मुदत बहुतेक ठिकाणी १४ किंवा २१ दिवसांची. २० तासांचं पुस्तक १४ दिवसांत म्हणजे रोज जवळपास दीड तास. तेवढा वेळ आहे का, हे बघूनच नंबर लावा.

पायरी ३ : पत्त्याएवढं कार्ड

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि ते टाळू नका. कानाला स्पेलिंग दिसत नाही, त्यामुळे परकी नावं पहिल्या दोन तासांत एकमेकांत विरघळतात. मी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर देवनागरीत लिहिलेलं कार्ड असं :

जेक : आपला वकील. बायको कार्ला, मुलगी हॅना.
ल्युशियन विलबँक्स : ऑफिसचा मूळ मालक, वकिलीची सनद गेलेला, दारूत बुडालेला, डोकं मात्र तल्लख.
हॅरी रेक्स वोनर : घटस्फोटाचे खटले घेणारा मित्र. तोंड फाटकं.
ओझी वॉल्स : शेरीफ, म्हणजे तिथला पोलिसप्रमुख. कृष्णवर्णीय.
रूफस बकली : सरकारी वकील.
ओमर नूस : सर्किट कोर्टाचे न्यायाधीश.
रूबेन एटली : मृत्युपत्रं वगैरे पाहणाऱ्या चान्सरी कोर्टाचे न्यायाधीश, दुसऱ्या पुस्तकात महत्त्वाचे.

'हॅरी रेक्स' हे दोन माणसांचं नाव नाही. तिकडे दुहेरी नाव एका दमात घेतात. आणि नूस या शब्दाचा अर्थ गळफास. ज्या राज्यात मृत्युदंड आहे तिथल्या न्यायाधीशाला हे आडनाव द्यायचं, हा ग्रिशमचा चावटपणा. छापील पानावर तो पटकन दिसतो, ऐकताना निसटतो.

कार्ड फोनच्या कव्हरमध्ये मागे ठेवा. पहिले तीन तास लागेल, नंतर नाही.

पायरी ४ : तिकडचं कोर्ट आणि आपलं

खरी अडचण इंग्रजीची नसते, कोर्टाची असते. आपल्या डोक्यात कोर्टाचं एक चित्र असतं, त्यात निकाल न्यायाधीश देतात. इथे बारा सामान्य माणसं देतात.

आपल्याकडेही ज्युरी होती. १९५९च्या नानावटी प्रकरणात मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने 'निर्दोष' म्हटलं. न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे नानावटी दोषी ठरले. ही व्यवस्था पुढे आपल्याकडून गेली. पारशी समाजाच्या घटस्फोटाच्या खटल्यांत तेवढे पाच प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर अजून बसतात. ब्रिगन्स ऐकताना मात्र लक्षात ठेवायचं की मिसिसिपीच्या फौजदारी खटल्यात बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं, दोषी म्हणायलाही आणि निर्दोष म्हणायलाही. एकमत झालंच नाही तर खटला निकालाविनाच संपतो. दिवाणी दाव्यात बारापैकी नऊ पुरतात. हा आकडा 'सिकमोर रो'मध्ये कामाला येतो.

म्हणूनच ज्युरी निवडण्याची लांबलचक प्रकरणं कंटाळवाणी समजून पुढे ढकलू नका. त्या निवडीला 'व्वार डीर' (voir dire) म्हणतात, दक्षिणेत बरेच वकील 'वोर डायर' म्हणतात. ठरावीक संख्येपर्यंत उमेदवार कारण न देता नाकारायचा अधिकार दोन्ही बाजूंना असतो. केवळ वर्ण पाहून असं नाकारायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये, बॅटसन खटल्यात, मनाई केली. आपली पहिली कादंबरी घडते १९८५मध्ये. हे एक वर्ष डोक्यात ठेवून ती प्रकरणं ऐका, मग एकेक नाव वगळलं जाताना पोटात कालवाकालव होते.

साक्षीचे शब्द मराठीत आपल्याजवळ आहेतच : स्वतःचा वकील घेतो ती सरतपासणी, समोरचा घेतो ती उलटतपासणी, पुन्हा पहिला उठतो ती फेरतपासणी. 'ऑब्जेक्शन' म्हणजे हरकत, 'सस्टेन्ड' म्हणजे हरकत मान्य, 'ओव्हररूल्ड' म्हणजे फेटाळली. शेवटच्या दोन शब्दांत माझा पहिल्या दिवशी गोंधळ व्हायचा. नंतर एक युक्ती सापडली : साक्षीदार पुढे बोलत राहिला तर हरकत फेटाळलेली, गप्प झाला तर मान्य.

माझे वडील जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. त्यांना मी एका रविवारी 'अ टाइम टू किल'मधली एक उलटतपासणी स्पीकरवर ऐकवली. पाच मिनिटं ऐकून त्यांनी विचारलं, "अगं, पण हे लिहून कोण घेतंय?"

प्रश्न बरोबर होता. आपल्या खालच्या कोर्टात साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते वाक्यात बसवून सांगतात आणि स्टेनो ते टंकतो. वकिलाने कितीही नाट्य केलं तरी कागदावर उरतं ते "मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही." प्रश्न गेला, अडखळणं गेलं, मधली शांतता गेली. तिकडे कोर्ट रिपोर्टर प्रश्न आणि उत्तर शब्दशः टिपून घेतो. आणि ज्युरी तर कागद बघतच नाही, ती ऐकते. साक्षीदार थांबला, आवंढा गिळला, 'येस सर' म्हणताना आवाज खाली आला, यावरच तिचं मत बनतं.

बाबा म्हणाले, "म्हणजे हे वाचण्यापेक्षा ऐकणंच बरोबर." मला जे दोन पुस्तकं ऐकून कळलं होतं ते त्यांना पाच मिनिटांत कळलं.

पायरी ५ : मागे कधी जायचं

वरच्या गोष्टीतूनच माझा एक नियम तयार झाला. साक्षीदार बोलत असेल तर मागे जायचं नाही. वकील न्यायाधीशांशी बोलत असतील तर खुशाल जायचं.

ज्युरीला साक्ष एकदाच ऐकायला मिळते. तुम्हीही एकदाच ऐका. एखादं वाक्य निसटलं तर निसटू द्या, शेवटच्या युक्तिवादात वकील महत्त्वाचं ते पुन्हा सांगतोच, ते त्याचं कामच आहे. उलट ज्युरीला बाहेर पाठवून कायद्याचा खल चालतो तेव्हा ३० सेकंद मागे जाऊन दोनदा ऐकायला हरकत नाही. खरं तर या जागा खास टिपून ठेवा. आता तुम्हाला असं काहीतरी माहीत असतं जे ज्युरीला माहीत नाही, आणि पुढे जेक किंवा बकली ती गोष्ट न बोलता सुचवायला कशी धडपडतात, ते ऐकण्यात मजा आहे.

बाकीची सेटिंग्ज थोडक्यात. मागे जाण्याचं बटण ३० सेकंदांवर ठेवा, १० अपुरे पडतात. वेग पहिला तासभर ०.९, कानाला 'यॉल' (तुम्ही सगळे) आणि 'फिक्सिन टू' (करायच्या बेतात) अशा दक्षिणी बोलीची सवय झाली की १ वर. गावगप्पांच्या आणि हॅरी रेक्सच्या जेवणांच्या प्रकरणांत १.२ चालतो. कोर्ट सुरू झालं की पुन्हा १. दीडपटीने साक्ष ऐकणाऱ्यांना मी ओळखते. त्यांना निकाल कळतो, खटला कळत नाही. बुकमार्कला साक्षीदाराचं नाव द्या. 'बुकमार्क १४' असं पडलेलं चार दिवसांनी कुणालाच कळत नाही. प्रवासात ऐकणार असाल तर फाइल घरीच डाउनलोड करून घ्या.

आता कुठे ऐकावं. मटार सोलताना, पोळ्या लाटताना, इस्त्री करताना उत्तम, हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. फोडणीच्या वेळी नाही, कुकरच्या शिट्टीत नेमकं 'गिल्टी' की 'नॉट गिल्टी' ते बुडतं. रात्री अंथरुणात ऐकायचंच असेल तर स्लीप टायमर 'प्रकरण संपेपर्यंत'वर लावा. तासावर लावलात तर झोप लागते, कथा चालूच राहते, आणि सकाळी आरोपीच्या पिंजऱ्यात भलताच माणूस.

पायरी ६ : जिथे थांबावं लागेल

'अ टाइम टू किल'ची सुरुवात भयंकर आहे. दहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीवर दोन गोरे तरुण अत्याचार करतात. पुढे तिचा बाप कार्ल ली हेली त्या दोघांना न्यायालयाच्या इमारतीतच गोळ्या घालतो आणि जेक त्याचं वकीलपत्र घेतो. एवढं कळलं की पहिलं प्रकरण ऐकण्याची सक्ती नाही. वाचताना डोळा ओळ गाळू शकतो, कान गाळू शकत नाही. मी ते ऐकलं, पण दुसऱ्यांदा ऐकणार नाही. नको वाटलं तर सरळ दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करा, कथानकाचं काही बिघडत नाही.

कृष्णवर्णीयांसाठीची शिवी तिन्ही पुस्तकांत येते, पहिल्यात सर्वांत जास्त. घरात मुलं असतील तर स्पीकरवर लावू नका.

आणि डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, लूनी. गोळीबारात त्याच्या पायाला गोळी लागते, पाय कापावा लागतो. तो साक्षीला उभा राहील तेव्हा गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या. याहून जास्त सांगत नाही.

पायरी ७ : प्रत्येक पुस्तकाआधी दोन मिनिटं

'अ टाइम टू किल'आधी वेडेपणाच्या बचावाचा नियम माहीत हवा. १८४३च्या इंग्लंडमधल्या मॅकनॉटन प्रकरणातून तो आला : कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे मनोविकारामुळे कळत नव्हतं का? मिसिसिपीत हाच नियम आहे आणि आपल्या दंडसंहितेचं कलम ८४, म्हणजे आता न्याय संहितेचं कलम २२, त्याच कुळातलं. दोन मानसोपचारतज्ज्ञांच्या साक्षी याच एका प्रश्नाभोवती फिरतात. प्रश्न आधी माहीत असला की वैद्यकीय शब्द निसटले तरी चालतं.

'सिकमोर रो' माझ्या मते तिन्हींत सरस, आणि ऐकायलाही सर्वांत सोपं. सेथ हबर्ड नावाचा कर्करोगाने खंगलेला श्रीमंत गोरा माणूस झाडाला गळफास घेतो. नंतर जेकच्या ऑफिसात टपालाने त्याचं स्वहस्ते लिहिलेलं मृत्युपत्र येतं : मुलांना काही नाही, इस्टेटीतले ९० टक्के घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय लेटी लँगला. इथे आपला मराठी श्रोता लगेच अडतो. बाबाही अडले : "साक्षीदार दोन कुठायत? टिकायचं कसं हे?" आपल्या १९२५च्या वारसा कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, अक्षर कुणाचंही असो. मिसिसिपीत संपूर्ण स्वतःच्या हाताने लिहिलेलं आणि सही केलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय चालतं. त्यामुळे वाद सह्यांचा नाही. सेथचं डोकं ठिकाणावर होतं का आणि लेटीने त्याच्यावर दबाव आणला का, एवढेच दोन प्रश्न. हे दोन कार्डावर लिहा आणि प्रत्येक साक्षीदार यातल्या कोणत्या प्रश्नासाठी आलाय ते मनात ठरवत जा. मृत्युपत्रं चान्सरी कोर्टाकडे जातात, म्हणून इथे नूस नाहीत, एटली आहेत.

'अ टाइम फॉर मर्सी'त १६ वर्षांचा ड्रू गॅम्बल आईच्या मित्राला, एका डेप्युटीला, गोळी घालतो. नूस ते प्रकरण जेकच्या गळ्यात मारतात, फी कायद्याने १००० डॉलरपर्यंत. १६ वर्षांच्या मुलाला मृत्युदंड? आपल्याकडे २०१५चा बाल न्याय कायदा असं होऊ देत नाही. अमेरिकेतही २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या गुन्हेगारांना मृत्युदंड बंद केला. पण गोष्ट १९९०ची आहे, आणि १९८९च्या निकालाने १६ वर्षांच्या मुलाला फाशी घटनेच्या चौकटीत बसत होती. ही तारीख माहीत नसेल तर सगळी कथा उगाच ताणलेली वाटते. दुसरी सूचना : याच पुस्तकात रेल्वे फाटकावरच्या अपघाताचा एक दिवाणी दावा समांतर चालतो. तो मधूनच उगवतो आणि कानाला चकवतो. 'स्मॉलवुड' हे आडनाव ऐकू आलं की समजायचं, आता ड्रू नाही, रेल्वे.

पायरी ८ : दोन पुस्तकांच्या मध्ये

तिन्ही सलग ऐकू नका. त्याच आवाजात, त्याच गावात साठ-एक तास काढले की हॅरी रेक्सच्या शिव्याही सपक लागतात. मी मध्ये पंधरा-पंधरा दिवस मराठी कथा ऐकल्या. परत जाताना आधीच्या पुस्तकातला शेवटचा युक्तिवाद तेवढा पुन्हा ऐकला, बुकमार्क असल्यामुळे शोधावा लागला नाही. वीस मिनिटांत सगळं गाव डोळ्यांपुढे उभं राहतं.

तिन्ही संपल्यावर ग्रिशमची 'द समन्स' (२००२) शोधाल, कारण तीही क्लँटनमध्येच घडते आणि हॅरी रेक्स तिथेही आहे. ती 'सिकमोर रो'च्या आधी घेऊ नका. एटली न्यायाधीशांचं पुढे काय होतं ते तिथे सुरुवातीलाच कळतं, आणि मग मृत्युपत्राच्या खटल्यात ते उच्चासनावर येऊन बसले की त्यांच्या आवाजाकडे आपण वेगळ्याच कानाने बघायला लागतो. बाबांना मी हे सांगायला विसरले. ते आता 'द समन्स' ऐकून 'सिकमोर रो'च्या मध्यावर आहेत आणि माझ्यावर नाराज आहेत.